उशाशी ठेवलेला पाय

११ एप्रिल

ही डायरी बँकेची, मागच्या वर्षाची. लेकीनं दिली. म्हणाली, "आई, दिवसभर भिंतीशी पुटपुटत असतेस, त्यापेक्षा यात लिही." वार जुळत नाहीत. न का जुळेनात, मला कुठे आता वारांशी काही घेणंदेणं उरलंय.

हे गेले त्याला महिना होत आला. हे म्हणजे माझा नवरा. डायरीला काय ओळख करून द्यायची म्हणा, पण सुरुवात करतेच आहे तर नीट करते. हे सैन्यात होते. सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय मांडीपासून गेला. तेव्हा यांचं लग्नही झालेलं नव्हतं. मी लग्न केलं ते पाय नसलेल्याच माणसाशी, आणि चांगले डोळे उघडे ठेवून केलं. मावशी म्हणाली होती, "अगं, एका पायाचा माणूस तो!" मी म्हटलं, "दोन पायांचे आले होते की बघायला, सगळे पळून गेले." मावशी पुढे वर्षभर बोलली नाही माझ्याशी.

नोकरी थोडीच झाली होती, त्यामुळे साधी पेन्शन नाही. जी यायची ती अपंगत्वाची, आणि ती यांच्याबरोबरच बंद झाली. बँकेतल्या बाईनं हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. मी शिवणकाम करते. आखूड-लांब करणं, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं. त्यात भाजीपाला निघतो. भाडं आणि लेकीची नर्सिंगची फी निघत नाही. घरमालक अजून काही बोललेला नाही, पण हल्ली जिन्यात भेटला की फार आपुलकीनं चौकशी करतो. त्या आपुलकीचीच मला धास्ती वाटते.

१४ एप्रिल

आज यांचं कपाट आवरायला घेतलं आणि तसंच बंद केलं. कोपऱ्यात जावई उभा होता.

जावई म्हणजे यांचा खोटा पाय. नाव मीच ठेवलं. रोज पुसा, पट्ट्याला तेल लावा, पावडर द्या, उन्हात ठेवू नका, पाणी लागू देऊ नका. एवढे लाड घरात दुसऱ्या कुणाचे? लेक लहान असताना विचारायची, "मग माझा नवरा आला की तो कोण?" हे म्हणायचे, "धाकटा जावई. त्याला पावडर मिळणार नाही, आधीच सांगून ठेव."

हसायचे, पण यांचा एक कायदा होता आणि त्यात माफी नव्हती. पायाशिवाय यांना कुणी पाहायचं नाही. मी सोडून कुणीच नाही. लेकीनंसुद्धा कधी पाहिलं नाही, तिला लहानपणापासून दार वाजवून आत यायची सवय. एकदा खालच्या मजल्यावर गॅस गळला आणि सगळी इमारत रस्त्यावर धावली. मी दारातून कोकलतेय, अहो चला, आणि हे पलंगाच्या काठावर बसून तुटक्या मांडीवर शांतपणे मोजा चढवताहेत. खाली उतरल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. हे म्हणाले, "जीव गेला तर एकदाच जाईल गं. लोकांनी तसं पाहिलं तर रोज जाईल."

१९ एप्रिल

ड्रायव्हर भाऊजी आले होते. यांच्या तुकडीत गाडी चालवायचे, म्हणून ते नाव. सुरुंग फुटला तेव्हा यांना खांद्यावर टाकून आणलं ते भाऊजींनीच. आता माजी सैनिकांच्या संघटनेत लोकांचे अर्ज भरून देतात. आवाज असा की शेजाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पेन्शन मला मिळू शकते म्हणाले. नियम समजावून सांगितला. जवान ज्या अपंगत्वामुळे घरी आला, त्याच अपंगत्वामुळे गेला, तर बायकोला आयुष्यभर पेन्शन. "दुसऱ्या कशानं गेला वहिनी, तर काही नाही. ताप येऊ दे, हार्ट अटॅक येऊ दे, कॅन्सर होऊ दे, बायकोच्या हातात नुसता नमस्कार. पण आपलं प्रकरण सरळ आहे. एक पाय नसलेला माणूस जिन्यावरून पडला. यात आणखी काय सिद्ध करायचं?"

मग मला विचारून विचारून अर्जात लिहू लागले. मी पोलिसांना जे सांगितलं होतं तेच सांगितलं. पहाटे गच्चीकडे गेले असतील, पाय घसरला, दारासमोर पडलेले दिसले.

"खोटा पाय घातलेला होता?"

"होता."

भाऊजींचं पेन जरा थांबलं. "नक्की?"

"म्हणजे काय? हे पायाशिवाय दाराबाहेर जातील का?"

"तेही खरंच," म्हणाले आणि लिहिलं. चहा न पिताच गेले. चहा सोडून जाणारा हा माणूस नव्हे.

३ मे

नामंजूर. भाऊजींनी फोनवर वाचून दाखवलं. कृत्रिम पाय बसवलेला व सुस्थितीत होता, सबब हा सामान्य घरगुती अपघात असून त्याचा अपंगत्वाशी संबंध नाही. जिन्यावरून दोन पायांचा माणूसही पडतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाभरात अपील करता येतं. "पण वहिनी, नवीन काहीतरी पाहिजे. तेच तेच पुन्हा सांगून उपयोग नाही."

लेक शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, औषधांच्या दुकानात जागा आहे, एक वर्ष कॉलेज थांबवते. मी तिच्यावर असा आवाज चढवला की माझाच घसा बसला. ती म्हणाली, "ओरडून फी भरली जात असती तर कॉलेज आपल्या मालकीचं असतं, आई." अगदी बापाची जीभ. मी हसले आणि मग रडू आवरेना.

४ मे

एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करताना उजवा पाय जास्त कापला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भरून द्यावी लागणार.

९ मे

लिहूनच टाकते. कुणाला तरी सांगायला हवं, आणि डायरी काही तोंड उघडणार नाही.

पाय घातलेला नव्हता. मी घातला.

त्या दिवशी उजाडता उजाडता जाग आली. यांची बाजू रिकामी. जावई माझ्या उशाशी उभा होता. रोज तो यांच्या बाजूला असतो, दाराजवळच्या कोपऱ्यात. त्याचा बूट चकचकीत पॉलिश केलेला, मोजा घडी करून वर ठेवलेला. मला वाटलं, भिंत धरून बाथरूमला गेले असतील. मग बाहेरचं दार किलकिलं दिसलं.

गच्चीचा जिना आमच्या दारासमोरच उतरतो. तिथे खाली पडले होते. मी हात लावला आणि कळलं. हे सांगता येत नाही कसं ते, पण कळतं. पायजम्याचा डावा पाय नुसताच पसरलेला होता.

मी ओरडले नाही. खालून दूधवाल्याच्या सायकलचा आवाज आला. आता तो वर येणार, मग शेजारी येणार, मग सगळं जग येणार, आणि हे असे! मी धावत आत गेले, पाय आणला आणि घातला. पट्टा लावला. सुटलेली शर्टाची बटणं लावली. केस सारखे केले. मग ओरडले.

नंतर सगळे गेल्यावर जिना धुतला. आदल्या रात्रीपासून नळाला पाणीच नव्हतं, टाकी कोरडी. खालच्यांकडून दोन बादल्या मागून आणल्या. धुताना एकच समाधान होतं की यांना कुणी तसं पाहिलं नाही. आयुष्यभर जपलेली यांची लाज मी शेवटच्या क्षणी राखली, असं मला वाटत होतं.

आता हे अपील ऐकणाऱ्या त्या पेन्शनच्या बोर्डासमोर कोणत्या तोंडानं सांगू? सांगायचं म्हणजे मीच माझ्या हातानं यांना चार परक्या माणसांसमोर तसं नेऊन ठेवायचं. आणि नाही सांगितलं तर लेक औषधाच्या बाटल्या विकत बसणार. हे असते तर यांनाच विचारलं असतं. हे असते तर प्रश्नच नव्हता म्हणा.

१३ मे

किराण्याच्या दुकानात आपले डॉक्टर भेटले. यांचं जुनं पोटाचं दुखणं तेच बघायचे. हळहळले, आणि मग म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलचे रिपोर्ट घेऊन मला दाखवायला येतो म्हणाले होते. आलेच नाहीत."

मी म्हटलं, "अहो, ते कधीच झालं. नुसतं पित्त निघालं म्हणाले मला."

"पित्त," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला तसं सांगितलं का?" मग उगाच पिशवीत बघत बसले आणि घेतलेला साबण तसाच काउंटरवर विसरून निघून गेले. मी हाक मारली तरी थांबले नाहीत. एवढा शिकलेला माणूस आणि इतका विसरभोळा.

घरी आल्यावर लेकीला गंमत म्हणून सांगितलं तर ती हातातलं काम टाकून उभी राहिली. कुठले रिपोर्ट? कधी गेले होते? एकटेच? मी म्हटलं, अगं, दोन महिन्यांत दोनदा यांच्या पँटा कमरेत आत घेतल्या मी, खाणंच कमी केलं होतं. पित्ताच्या माणसाला जेवण जातं का? हे तर खूश होते, म्हणायचे, घरात शिंपीण असली की माणूस कितीही बारीक होऊ शकतो. पुन्हा तरुण दिसतोय की नाही सांग.

तिनं अभ्यासाचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ एकच पान धरून बसली. बापाची आठवण आली असणार.

१६ मे

खालच्या मजल्यावरची घड्याळजीची बायको शिवायला कापड घेऊन आली होती. म्हणजे निमित्त कापडाचं. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला. आजार लांबला, आधी दुकान गेलं, मग दागिने गेले, मग घरातलं मोठं घड्याळ गेलं आणि शेवटी तोही गेला. हे रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचे. आल्यावर जेवायचे नाहीत. एकदा म्हणाले होते, "माणूस जातो ते ठीक आहे गं, पण जाताना घर धुऊन नेऊ नये." मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका आणि ताट घ्या.

ती आज म्हणाली, "तुझं बरं, त्यांचे हाल झाले नाहीत." मला राग आला. कसलं बरं? मी दहा वर्षं हाल काढले असते. लोकांची धुणीभांडी केली असती. माणूस समोर पलंगावर पडलेला तरी असता, कुरकुरत का होईना.

२१ मे

आज भाऊजींना सांगितलं. चहा त्यांच्या हातात दिला आणि मग सांगितलं, म्हणजे पळून जाता येणार नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, "वहिनी, काय केलंत हे!" आणि कपाळावर हात मारून घेतला. "पाय काढलेला होता? अहो, मग तर सगळं तिथल्या तिथे होतं! पाय नसल्यामुळेच पडला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यानं सगळं..." आणि तिथेच थांबले.

"त्यांनी सगळं काय?"

"काही नाही. त्याचं सगळं कागदोपत्री व्यवस्थित असायचं, असं म्हणत होतो." डोळे पुसले. हा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, भाऊजी, यांना तुम्ही खांद्यावर आणलंत तेव्हा पायाचं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं. नंतर फक्त मी पाहिलं. आता खुर्चीत बसलेल्या लोकांपुढे ते काढायचं? हे मला वर गेल्यावर घरात घेणार नाहीत.

भाऊजी म्हणाले, "घेईल. मी सांगतो ना, घेईल. त्याला हेच हवं असेल." मग पुन्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा आणि सांगून टाका." अपिलाचा कागद त्यांनी इथेच बसून लिहिला. बाहेर पडताना कोपऱ्यातल्या जावयाला हात लावून गेले.

४ जून

झालं एकदाचं.

लांबट खोली, पंख्याचा खरखर आवाज, टेबलामागे तिघं. मधे मोठा साहेब, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. मी, लेक आणि भाऊजी समोर. मांडीवर पिशवी, पिशवीत जावई. शिपायानं दारात विचारलं होतं, आत काय आहे. म्हटलं, नवऱ्याचा पाय. बिचारा बाजूलाच झाला.

मोठा साहेब तसा वाईट माणूस नाही, पण रोज अशाच गोष्टी ऐकून कान किटलेले. म्हणाला, "बाई, आधी तुम्ही सांगितलंत पाय घातलेला होता. अर्ज नामंजूर झाल्यावर सांगताय, नव्हता. कोणतं खरं धरू?"

"दुसरं."

"कशावरून?"

मी बाजूला पाहिलं. लेकीला हे काल रात्रीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि इथे ऐकणं वेगळं. ती माझ्या पिशवीकडे बघत होती. मी मनात म्हटलं, माफ करा हो, आणि पाय बाहेर काढून टेबलावर ठेवला.

मी सांगितलं की यांना पायाशिवाय कुणी पाहिलेलं चालायचं नाही, म्हणून मी घातला. आणि घाईत चुकीचा घातला. मग दाखवलं. हाताचं कोपर दुमडलं, त्यावर मी शिवलेला मोजा चढवला. आधी पावडर, मग मोजा, मग पायाच्या वाटीत बसवायचं, मग पट्टा. मोजा कातडीला लागूनच बसावा लागतो, मधे दुसरं कापड आलं की पाय दोन पावलांत निसटतो. "मी पायजम्यावरूनच घातला होता, साहेब. मोजा नव्हता. फोटोत दिसेल."

फायलीत पोलिसांनी काढलेला फोटो होता. साहेबानं तो डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी पाहिला आणि मला विचारलं, "तुम्ही बघाल का?" मी तोवर पाहिलेला नव्हता. पाहिला. रेघारेघांचा पायजमा, त्यावर पाय. बोट ठेवून सांगितलं, "हे बक्कल बघा, उलट्या अंगाला आहे. हे स्वतः लावायचे तर या बाजूला यायचं. मी समोर बसून लावलं, म्हणून त्या बाजूला गेलं." एवढं सांगितलं आणि बोट तसंच फोटोवर राहिलं. शर्टाची बटणं मात्र मी बरोबर लावली होती, तेवढं दिसलं.

मग साहेबानं विचारलं, "पण बाई, जो माणूस पायाशिवाय दाराबाहेर पडत नव्हता, तो त्या दिवशी तसाच जिना चढून वर का गेला?"

याचं उत्तर मी घरून ठरवून आणलं होतं. "टाकीचा कॉक बंद करायला, साहेब. टाकी वाहिली की यांचा जीव खालीवर व्हायचा. मी नेहमी विसरायचे."

लेकीनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या, मग भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान खाली घातली. साहेब पुढे काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पुरे, साहेब. मला विचारायचं होतं ते झालं." आणि पाय स्वतःच्या हातानं उचलून, बुटाची धूळ पदरानं पुसून मला परत दिला. चांगली बाई. तिच्या घरीही कुणी असेल.

५ जून

सकाळी लेक चहा घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, त्या दिवशी पाय नक्की कुठे होता?"

"सांगितलं ना, माझ्या उशाशी."

"बूट पॉलिश केलेला?"

"हो गं. आदल्या संध्याकाळीच बसले होते ब्रश घेऊन. तुझ्या चपलाही पुसून ठेवल्या होत्या त्यांनी. चहासुद्धा स्वतः केला. भांडलो नाही की काही नाही. ही एक गोष्ट फार बरी झाली, नाहीतर मला जन्मभर लागून राहिली असती."

ती उठली आणि बाथरूममध्ये गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज किती तरी वेळ येत होता. मी दारावर थाप मारून म्हटलं, अगं, पाणी वाया चाललंय. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. मला मिठी मारली आणि सोडेचना. मी म्हटलं, काल एवढं धीरानं बसलीस आणि आज काय हे. म्हणाली, "काही नाही. तू खूप चांगला घातलास पाय." चुकीचाच घातला होता, पण पोरीला काय सांगायचं.

२८ जून

मंजूर.

भाऊजी स्वतः सांगायला आले, आणि नवल म्हणजे हळू आवाजात सांगितलं. मागच्या तारखेपासून मिळेल. फी भरता येईल. घरमालकाची आपुलकी आता कमी होईल, तेही बरंच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही, पण तो आला आणि यांना सांगायला म्हणून आतल्या खोलीकडे वळला, आणि तिथे कुणी नव्हतं.

भाऊजींना आज बोलायचं होतं असं वाटलं. म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात आला होता माझ्याकडे. नियम विचारत बसला. कशानं गेलं तर मिळतं, कशानं नाही. पाय घातलेला असताना पडलो तर काय, काढलेला असताना पडलो तर काय. मी म्हटलं, लेका, वकील होणार आहेस का? हसला. मीही हसलो, वहिनी. मी हसलो आणि सगळं नीट समजावून सांगितलं."

म्हटलं, "यांना सवयच होती हो. विजेचं बिल आलं तरी मागची बारीक अक्षरं वाचायचे."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. लेक स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "काका, चहा थंड होतोय." जरा कडकच म्हणाली. मी तिला नंतर रागावले, मोठ्या माणसाशी असं बोलतात का? म्हणाली, "आता तो विषय नको ना आई घरात. कधीच नको." बरं, नको.

२ जुलै

लेक आज फी भरून आली. पावती जावयासमोर धरून म्हणाली, "बघा, आपण पास झालो." आता दार वाजवून आत यायची गरज नाही तिला, तरी वाजवते.

जिथे पाय बनवून मिळतात तिथून निरोप आला होता, परत दिला तर दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. द्यायला हवा, कळतं मला. पुढच्या महिन्यात देईन म्हटलं. तोवर तो माझ्या उशाशीच आहे, यांनी ठेवला होता तसाच. सकाळी पुसते, पट्ट्याला तेल लावते. बूट मी पॉलिश करते, पण यांच्यासारखा चमकत नाही.

सगळे म्हणतात, झालं ते झालं, आता विचार करू नकोस. नाही करत. पेन्शन मिळाली, पोरीचं मार्गी लागलं, यांची लाज गेली ती माझ्यामुळे गेली, त्याचं मी यांच्याशी काय ते बघून घेईन. पण अहो, एवढं एकच सांगा मला. जावई माझ्या उशाशी होता. मी तिथेच झोपले होते, हाताच्या अंतरावर. जायचंच होतं तर मला एक हाक का नाही मारलीत? मी डोळे मिटूनसुद्धा नीट घातला असता.